खेकडा माल

५ सप्टेंबर, सोमवार

भुतांचा महिना, ज्यात कोणी शुभकार्य काढत नाही, तो संपला. आज दारावर पाटी लावली: ‘दुकान बंद होत आहे. सर्व माल काढणे आहे.’ अक्षर माझं. भाड्याचा करार ३१ डिसेंबरला संपतो. त्याच्या आत पोटमाळा रिकामा करायचा आणि किल्ली घरमालकाच्या कचेरीत नेऊन द्यायची. एकेचाळीस वर्षं पुष्कळ झाली.

माझ्या नवऱ्याला, म्हाताऱ्याला, पाटीवर ‘इमारतीवरून उडी मारायचा भाव’ असं लिहायचं होतं. आमच्या शांघाय रस्त्यावर निम्म्या दुकानांवर ते लिहिलेलं असतं, म्हणजे मालकाला जीव द्यावा लागेल इतका पडता भाव. मी म्हटलं, “लग्नाच्या सामानावर कोणी उडी मारतं का? अक्कल?” तो म्हणाला, “मास्तरीणबाई, उडी लग्नातच मारतात.” मी ब्रश धुऊन ठेवला.

ही वही एवढ्यासाठी की दुकानाबरोबर काउंटरवरचे शब्दही जातील. कॉलेजात मी वाङ्मय शिकले आणि नंतर जन्मभर नवरीच्या रजया विकल्या. निदान शब्द तरी टिपून ठेवावेत. रोज एक-दोन.

शेपूट: ओळीतला चांगला माल गेल्यावर मागे राहिलेलं सुटंसाटं. एकच उशी, नऊच चॉपस्टिक्स.

टोपलीतळाची संत्री: सगळ्यांनी वरची वरची निवडून नेल्यावर उरतात ती.

७ सप्टेंबर, बुधवार

पोटमाळ्यावर चढून मोजदाद केली. वंशबादल्या बावन्न. रजयांचे संच एकवीस. चहाचे पेले, लाल छत्र्या, गुडघे टेकायच्या उशा, हे सगळं वेगळं.

वंशबादली म्हणजे नवरीबरोबर सासरी जाणारी झाकणाची लाल बादली. आत लाल अंडी घालतात, घर पोरांनी भरावं म्हणून. पूर्वी रात्री-अपरात्री तिचा उपयोग काय होता ते आता कोणी बोलत नाही. बायका चारचौघांत फक्त हसतात.

बावन्न बादल्यांचा दोष माझा आहे, तो इथे लिहून ठेवते. हे माकडाचं वर्ष आंधळं आहे. वसंतारंभाचा दिवस नव्या वर्षाच्या चार दिवस आधीच येऊन गेला, म्हणून या वर्षाला वसंतच नाही, आणि वसंत नाही त्या वर्षी लग्न करू नये, असं लोक मानतात. पुढचं कोंबड्याचं वर्ष उलट. त्यात तो दिवस दोनदा येतो, वर अधिक महिना. सगळ्या नवऱ्या तिकडे धावणार. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानानं यंदा माल निम्म्यावर आणला. मी मात्र म्हटलं, हे तर कॅलेंडरचं गणित आहे, शिकल्यासवरल्या मुली असल्या गोष्टींना भीक घालत नाहीत. आणि साठ बादल्या मागवल्या. सात महिन्यांत आठ गेल्या.

समोरच्या दुकानातला लियांग, त्याचाही हाच धंदा, रोज सकाळी दात कोरत विचारतो, “काय वहिनी, खेकडे कसे आहेत?”

खेकडा: अडकलेला माल. बाजारात खेकडे दोरीनं आवळून ठेवतात. जिवंत असतात, पण नांगी हलवता येत नाही. माल अडकला की माणूसही खेकडाच.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

काल मध्य-शरदाचा सण. गिऱ्हाईक नाही. चंद्रकेक खाऊन म्हाताऱ्याच्या छातीत जळजळ.

तो खिडकीशी बसून म्हणाला, “वाय-हान, जिवाला इथे श्वास पुरत नाही. पेंग चाऊला जाऊ या, राहायला.” पेंग चाऊ बेटावर त्याच्या धाकट्या भावाचं, बिंग-लाँगचं घर आहे. मी म्हटलं, श्वास जिवाला पुरत नाही, फुफ्फुसाला पुरत नाही. आणि माल संपल्याशिवाय कुठे जायचं? भरलेलं दुकान टाकून जाणं हे मला जमणार नाही. अर्ध्या भावात भंगारवाल्याला देणंही नाही. ज्यानं मागवला त्यानं विकावा.

तो बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज एक वंशबादली आणि एक पूर्ण रजईसंच गेला! गिऱ्हाईक कोण, तर कोपऱ्यावरचा मोक न्हावी. पुतण्याचं लग्न आहे म्हणाला.

“कधी?” मी विचारलं.

“हो,” मोक म्हणाला.

“कधी आहे, म्हणते मी.”

“ते… लवकरच. आमच्यात घाई असते.”

भाव विचारला नाही, रजई उलगडून पाहिली नाही, शिवण तपासली नाही. अशा गिऱ्हाइकाला आमच्यात ‘कासव’ म्हणतात. कासवाला फसवणं सोपं असतं, म्हणून त्याला तर मी मुळीच फसवत नाही. पाटीवरचीच किंमत घेतली. म्हाताऱ्यानं स्वतः सामान बांधलं आणि मोकच्या दुकानापर्यंत पोचवायला गेला. पन्नास पावलांवरचं दुकान, परत यायला तीन तास. वाटेत बुद्धिबळाचा डाव बसला होता म्हणे.

५ ऑक्टोबर, बुधवार

दहा दिवसांत अकरा बादल्या. खारे मासे विकणाऱ्या सो काकूंनी एकदम दोन नेल्या.

“दोन कशाला?” मी म्हटलं. “मुलगी तर एकच आहे तुमची, आणि तिला नातू झाला.”

“एक शेजारणीला,” काकू म्हणाल्या. “तिला विचारू नका, लाजाळू आहे.”

त्या बोलताना म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. धूळ फार साचली आहे पोटमाळ्यावर.

लोक एकमेकांना सांगत असावेत. माल चांगला असला की आंधळ्या वर्षालाही डोळे फुटतात.

आजचा शब्द, भाव तोलणं: तीन दुकानं फिरून, प्रत्येकाला नाव ठेवून, शेवटी पहिल्याकडे परत येणं. हल्ली माझ्याकडे कोणी भाव तोलत नाही. सरळ येतात, घेतात, जातात.

१० ऑक्टोबर, सोमवार

काल डोंगरावर जाऊन सासऱ्यांची कबर झाडली. म्हातारा कबरीपाशी बराच वेळ काहीतरी पुटपुटत उभा होता. काय म्हणालास, असं विचारलं तर म्हणाला, “बाबांची माफी मागितली.” कशाबद्दल ते सांगेना. दुकान बंद करतोय म्हणून, दुसरं काय? त्याला दुकानाची माया आहे, तो बोलून दाखवत नाही एवढंच.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

वादळ. आठ नंबरचा बावटा. दुकान बंद, पट्ट्या लावलेल्या काचांमागे दिवसभर दोघंच. म्हातारा तीनदा दारापर्यंत जाऊन आला. मी म्हटलं, पिंजऱ्यातल्यासारखा काय फिरतोस? तर म्हणाला, “पिंजऱ्यातला काय करतो ते पाहतोय.” मला आवडलं नाही. मी शेल्फवरचे पेले पुसले, सगळे.

३ नोव्हेंबर, गुरुवार

सातवी ताई आली होती. लग्नात नवरीच्या पाठीशी छत्री धरून चालणारी, केस विंचरताना आशीर्वाद म्हणणारी बाई. या धंद्यात माझ्याइतकीच जुनी. पाटासारखी रुंद आणि तोंडाची फाटकी.

“मालकीणबाई,” ती म्हणाली, “मला या महिन्यात कामं किती? दोन. त्यातलं एक लांबच्या बहिणीच्या पोरीचं, फुकट. मग तुमच्या बादल्या जातात कुठे?”

“हल्ली लोक तुझ्याशिवाय लग्न करतात.”

“माझ्याशिवाय करतील. नवरीशिवाय कसं करतील?” आणि ती म्हाताऱ्याकडे बघून म्हणाली, “काय हो शेठ, तुम्हाला काही सुचतंय?”

म्हातारा म्हणाला, “ताई, चहा घे आणि घरी जा.”

तेवढ्यात फुंग आला. म्हाताऱ्याचा बुद्धिबळातला सोबती, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर. त्यानं नवरीची लाल रजई मागितली. सातवी ताई हसून हसून काउंटरवर आडवी.

“लग्न कोणाचं, तुमचं?”

“तसंच समजा,” फुंग म्हणाला. “थंडी आहे.”

मी ताईला दटावलं. एकटा माणूस आहे, ऊबदार रजई घेतो, त्यात हसण्यासारखं काय? ताई जाताना म्हणाली, “तुम्ही कॉलेजात काय शिकलात हो?” मी सांगितलं, वाङ्मय. ती म्हणाली, “वाटलंच.”

ती मत्सर करते. तिचं काम बसलं आणि माझं चाललं.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

बादल्या उरल्या चौदा. लियांग दात कोरत बाहेर येतो, पण आता खेकड्यांचं विचारत नाही. त्याच्या दुकानात मी आठवड्यात एक गिऱ्हाईक पाहिलं नाही. मग माझ्याकडेच कसे येतात? मी विचार केला. उत्तर एकच. मी बरोबर होते.

हे लिहिताना बरं वाटतंय, तेही लिहून ठेवते. जानेवारीपासून या माणसांनी, या रस्त्यानं, घरच्यांनीसुद्धा माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरलेले नाही.

आणि मग दुसरा विचार आला. आंधळ्या वर्षात असं, तर दुहेरी वसंताच्या वर्षात कसं असेल?

२ डिसेंबर, शुक्रवार

आज जेवताना म्हाताऱ्याला सांगितलं, करार पुढे वाढवू या. त्याच्या हातातून किटलीचं झाकण पडलं, फुटलं.

“तू म्हणालीस डिसेंबरला बंद,” तो म्हणाला.

“तेव्हा माल खपत नव्हता.”

“आता खपतोय म्हणून बंद करायचं नाही?”

“खपणारं दुकान कोण बंद करतं?”

“आणि न खपणारं?”

“ते कसं बंद करणार? माल उरला असता.”

तो हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी. पुष्कळ दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं. हसणं थांबल्यावर म्हणाला, “माझे गुडघे, वाय-हान.” मी म्हटलं, स्टुलावर उशी बांधून देते.

१० डिसेंबर, शनिवार

शेवटची बादली फुंगनं नेली. चेहरा असा, जणू कोणी बळेच हातात दिली. पोटमाळा झाडून काढला. जिन्यावर उभं राहून रिकामा माळा पाहिला. माझ्या आयुष्यात हे दृश्य नव्हतं.

फोशानच्या कारखान्याला शंभर बादल्यांची मागणी दिली. त्यांचे कामगार नव्या वर्षाला गावी जातात, म्हणून माल फेब्रुवारीच्या मध्यावर येईल.

१९ डिसेंबर, सोमवार

सही केली. तीन वर्षं. घरमालकाच्या कचेरीतली मुलगी माझ्यासमोर कागद सरकवत म्हणाली, “आजी, भाडं वाढवत नाहीत, पण मधेच सोडता येणार नाही. नीट वाचा.” मी म्हटलं, मी नीटच वाचते. कलम वाचलं, मान्य केलं, सही केली.

घरी येऊन म्हाताऱ्याला करार दाखवला. त्यानं दोन्ही हातांनी धरला. नंतर बराच वेळ न्हाणीत नळ वाहत होता.

दारावरची पाटी मी स्वतः काढली.

२१ डिसेंबर, बुधवार

आज हिवाळी संक्रमण. हा दिवस नव्या वर्षाहून मोठा, कुटुंबानं एकत्र जेवायचं. बिंग-लाँगनं पेंग चाऊला बोलावलं होतं. दुपारच्या बोटीनं गेलो.

जेवण चांगलं होतं. कोंबडी, अळंबी, आल्याच्या पाकात तांदळाचे गोळे. हात धुवायचा खालचा नळ बिघडला होता, म्हणून मी वर निघाले. बिंग-लाँगची बायको ओरडली, “वर नको वहिनी, छत गळतंय!” दोन महिने पाऊस नाही. मी वर गेले.

खोली नुकती रंगवलेली. समुद्राकडे खिडकी. दोन पलंग जोडून ठेवलेले. आणि पलंगांवर, पलंगांखाली, भिंतीशी रचून, छतापर्यंत, लाल बादल्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी. कडेला रजयांचे संच, दोरीसुद्धा सोडलेली नाही. ती गाठ आमच्या दुकानाची.

खिडकीशी एक लिहायचं मेज होतं. त्यावरही बादल्या होत्या, पण मेज नवं होतं. त्या घराण्यात लिहिणारं दुसरं कोणी नाही.

मी खाली आले. दोन गोळे खाल्ले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोंबडीची स्तुती करत होते.

बोटीवर बाहेरच्या बाकावर बसलो. तेव्हा विचारलं.

“किती?”

“काय किती?”

“बादल्या.”

तो पाण्याकडे पाहत होता. “सेहेचाळीस.”

“म्हणजे मी विकल्या सहा.”

“सहा चांगल्याच की. लियांगच्या तीन गेल्या.”

“मोकचा पुतण्या?”

“त्याला पुतण्याच नाही.”

“पैसे कुठले?”

“मासेमारीच्या बोटीसाठी ठेवले होते ते. बिंग-लाँग आणि मी मिळून घेणार होतो. माल संपल्याशिवाय तू निघणार नव्हतीस. म्हटलं, माल संपवू.”

“तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं. चारदा सांगितलं. तू वाक्य दुरुस्त केलंस.”

खरंच, मला वाक्यं आठवत होती. ती काय म्हणत होती ते आठवायला वेळ लागला.

तो म्हणाला, “त्या खोलीत हवा छान येते.” मग, “चव्वेचाळीस वर्षं झाली मला त्या स्टुलावर. तुझ्या आधीची तीन धरून.”

“आणि मी सही केली तेव्हा? तेव्हा का नाही अडवलंस?”

“तू इतकी खूश होतीस,” तो म्हणाला. “सप्टेंबरपासून तू इतकी खूश होतीस की मला दोन्ही बाजूंनी अडकल्यासारखं झालं.”

बोट धक्क्याला लागली. लोक उठले. आम्ही सगळ्यात शेवटी उतरलो.

२३ डिसेंबर, शुक्रवार

कचेरीत जाऊन विचारून आले. त्या मुलीनं कलमावर बोट ठेवलं. बोट ठेवायची गरज नव्हती. पोटभाडेकरू ठेवता येत नाही, करार मोडता येत नाही. मी तिला म्हटलं, कलम चांगलं लिहिलंय, कुठेही फट नाही. ती म्हणाली, “थँक यू, आजी.”

फोशानला फोन केला. शंभरच्या तीस केल्या. त्याहून कमी घेईनात.

दुकानात बसून हिशेब नाही, विचार केला. वर्ष आंधळं होतं. लोक बरोबर होते. मी चूक होते, आणि चूक लपवायला माझ्या नवऱ्यानं आपली बोट बुडवली. हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात दुरुस्ती नाही.

२८ डिसेंबर, बुधवार

सकाळी गल्ल्यातून त्याचे पैसे काढून पाकिटात घातले आणि त्याच्यासमोर ठेवले.

“हे तुझे. बोट घे. पहिल्या तारखेला पेंग चाऊला जा.”

“आणि तू?”

“मी सही केली आहे.”

“वेडी आहेस का? तीन वर्षं एकटी?”

“रविवारी येईन. तुला स्वयंपाक येत नाही.”

“भावजय करते.”

“तिच्या कोंबडीत मीठ नसतं.”

तो पाकिटाला हात लावेना. म्हणाला, राहतो मीही, आणखी तीन वर्षांनी काय होतंय, तोवर गुडघे तरी कुठे पळून जाणार आहेत? मी म्हटलं, आयुष्यात एकदा तरी बरं म्हणू नकोस. जा म्हटलं की जा.

तो म्हणाला, “बरं.” आणि आम्ही दोघंही हसलो. हे काही हसण्यासारखं नव्हतं.

१ जानेवारी, रविवार

धक्क्यापर्यंत गेले. एक पेटी, बुद्धिबळाची पेटी, आणि स्टुलावरची उशी त्यानं नेली. बोटीच्या फळीवर चढता चढता वळून म्हणाला, “बादल्या परत आणून देऊ? थोड्या थोड्या करून?”

“दाराबाहेर गेलेला माल परत घेत नाही,” मी म्हटलं. “मेजावरच्या तेवढ्या खाली उतरव. मला तिथे लिहायचं आहे.”

बोट गेली. ती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले नाही, थंडी होती.

९ जानेवारी, सोमवार

आठ दिवस एकटी. काल रविवार होता, पण दुकान सोडून निघणं जमलं नाही. स्टूल फार बुटकं आहे, पाठ धरते. हे त्यानं कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल.

फोनवर म्हणतो, हवा छान आहे. दोघं भाऊ बोट पाहून आलेत, हिरवी. दोन मासे मिळाले, दोन्ही लहान. आवाज मोठा झाला आहे. ओरडू नको म्हटलं, तर म्हणतो, इथे ओरडलं तरी चालतं.

सातवी ताई येऊन समोर बसली. मी तिला सांगितलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, “सगळ्या रस्त्याला माहीत होतं, मालकीणबाई. मोकच्या माळ्यावर एक रात्र सात बादल्या होत्या. पण शेठनं सगळ्यांना शपथ घातली होती.” मग तिनं न सांगता चहा केला.

१२ जानेवारी, गुरुवार

सकाळी कुलूप काढून शटर वर केलं, तोच एक मुलगी आत आली. बरोबर आई. खरं गिऱ्हाईक ओळखू येतं: आईनं आधी रजईची शिवण उलटी करून पाहिली, मग तोंड वाकडं केलं, मग भाव विचारला. लग्न फेब्रुवारीत, कोंबड्याचं वर्ष लागल्यावर. देण्याघेण्याचं सामान याच आठवड्यात पोचायला हवं.

“आणि वंशबादली,” आई म्हणाली. “झाकण घट्ट बसणारी. समोरच्याकडच्या डुगडुगतात.”

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नसतं. तोटा खाऊन का होईना, त्याच्या हाती काहीतरी द्यायचं, नाहीतर दिवस बसतो. या रस्त्यावर हे पाळत नाही असं दुकान नाही.

फोन हातात घेतला. एक आकडा दाबला असता तर तो दुपारच्या बोटीनं बादली घेऊन आला असता. मग उद्या दुसरी. परवा तिसरी. त्याचा आवाज कसा झाला असता ते मला माहीत होतं. तो बरं म्हणाला असता.

फोन खाली ठेवला.

“संपल्या,” मी म्हटलं.

“एकही नाही?” मुलीला खरं वाटेना. “वर माळ्यावर वगैरे?”

“माळा रिकामा आहे. समोर लियांगकडे जा. झाकणाखाली कागदाची घडी घातली की डुगडुगत नाही.”

त्या गेल्या. रिकाम्या हातानं. मी दार उघडंच ठेवलं आणि स्टुलावर बसले. करार संपायला दोन वर्षं, अकरा महिने, एकोणीस दिवस.